७४१ चं डिस्टॉर्शन पेडल: बायपासला ठणठणीत, दाबलं की आवाज गोधडीखाली

तंतू_मिरज

नमस्कार मंडळी. आठ दिवस हेच डोक्यात आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

मी मिरजेत तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात कामाला आहे. तंबोऱ्याला पॉलिश करणं, खुंट्या घासून बसवणं आणि गेली तीन वर्षं सतारीला पिकअप लावून देणं हे माझ्याकडे असतं. त्यामुळे सोल्डरिंगचा हात आहे, पण तो दोन वायरींपुरता. सबंध सर्किट कधी बांधलं नव्हतं. गिटार कॉलेजपासून वाजवतो. मित्राकडून घेतलेली जुनी, दोन हंबकर पिकअपची गिटार आहे, अ‍ॅम्प दहा वॅटचा.

डिस्टॉर्शन पेडल (गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे जोडून पायाने दाबायचा, आवाज मुद्दाम फाडणारा डबा) विकत घ्यायचं तर पगारातला मोठा तुकडा जातो हे एक कारण आहेच. पण रोज दुसऱ्याच्या वाद्याचा आवाज घडवायला हात लावतो, एकदा आपल्या वाद्याचा आवाज आपल्या हाताने घडवून बघावा, असं फार दिवस मनात होतं.

सर्किट घेतलं ते सत्तरच्या दशकातल्या एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसचं. एक ७४१ आयसी, दोन डायोड, दोन पॉट (फिरवायचे रेझिस्टर) आणि पंधरा-सोळा बारीक भाग. मूळ पेडलमध्ये जर्मेनियम डायोड आहेत, मी १एन४१४८ लावलेत, म्हणजे डीओडी २५० या दुसऱ्या पेडलच्या जवळ गेलं. सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून सगळं आणलं: झिरो पीसीबी, आयसी बेस, रेझिस्टर, कपॅसिटर, जॅक, पॉट. नऊ पायांचा फूटस्विच तिथे मला मिळाला नाही, तो ऑनलाइन मागवला. डबा म्हणून भिंतीवरच्या स्विचबोर्डचा प्लास्टिकचा बॉक्स वापरलाय. कारण तो घरात पडून होता आणि ड्रिल पटकन जातो.

आता दुखणं सांगतो. स्विच बायपासला असला (म्हणजे गिटार सर्किट टाळून सरळ पुढे गेली) की गिटार जशीच्या तशी ऐकू येते. दाबलं की एलईडी पेटतो, आवाज येतो, मोठाही येतो, पण गोधडी पांघरून कुणी बोलावं तसा. खालच्या दोन तारा घूं घूं करतात आणि वरच्या तारांचं टोकच नाहीसं होतं. डिस्टॉर्शनचा पॉट फिरवला की घूं वाढतं, धार येत नाही. दुसरं म्हणजे सतत गुणगुण आहे. तारांना हात लावला की ती कमी होते. आणि तिसरं, रात्री नऊनंतर वाजवायला बसलो की मागून बारीक आवाजात कन्नडमधून कुणीतरी बोलत असतं. स्पष्ट शब्द कळतात.

कारखान्यात नेऊन चाचांना ऐकवलं. चाचा चाळीस वर्षं जवारी काढतात (तार झणझणावी म्हणून घोडी घासून तिला नेमका उतार देतात), इलेक्ट्रॉनिक्सशी त्यांचा संबंध नाही. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "गळा हाय, पर ह्याची जवारी बंद हाय." एवढं बोलून कानस हातात घेऊन परत कामाला लागले.

माझ्याकडे पिवळा स्वस्तातला मल्टिमीटर आहे. बॅटरी ८.८ व्होल्ट. आयसीचा ७ नंबर पाय ८.८, ४ नंबर शून्य, ६ नंबर ४.३. इथवर ठीक. पण ३ नंबरच्या पायावर ४.४ यायला हवेत तिथे १.७ येतात. दोन १ मेगच्या (मेगओहमच्या) रेझिस्टरनी व्होल्टेज अर्धं केलंय, त्यांच्या मधल्या जागीही २.९ च दिसतात. म्हणून ते रेझिस्टर मी दोनदा काढून नवे लावले. दुसऱ्या वेळी पीसीबीवरची तांब्याची टिकली उचकटली, तिथे तारेने जोड दिलाय. आकडे तेच राहिले.

इनपुटच्या तोंडाशी ग्राउंडला जाणारा १ नॅनोचा कपॅसिटर जागा पुरली नाही म्हणून गाळलाय, तो फक्त खरखर कमी करायला असतो असं समजलो होतो. बॅटरीऐवजी जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहिला, गुणगुणीत वर एक शिट्टी आली.

आयसी गेलाय का? बायस (आयसीला काम करायला द्यायचं अर्धं व्होल्टेज) कुठे बसतोय? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पाचवा_फ्रेट, डोंबिवली

७४१ काढून टाक आणि टीएल०७१ घाल. पाय तेच, बेसमध्ये सरळ बसतो, दुसरं काही बदलावं लागत नाही. ७४१ खूप जुना आयसी आहे, त्याला वरचे सूर झेपत नाहीत. माझं पेडल टीएल०७१ ने एकदम उघडलं. आणि जमलं तर जर्मेनियम डायोड शोध, १एन४१४८ कोरडे वाटतात. ३ नंबरवर १.७ म्हणजे आयसीचं इनपुट लीक होत असणार. पंधरा-वीस रुपयांचा प्रश्न आहे, आधी तोच बदलून बघ.

जुना_ट्रान्झिस्टर, गिरगाव

तंतू, आयसीला हात लावू नका. तो चांगला आहे आणि तुम्हीच ते मोजून दाखवलंय.

तुमच्या पिवळ्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स डीसी व्होल्टवर साधारण १ मेगओहम असतो. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर मोजताना त्याने फरक पडत नाही, कारण तिथे रेझिस्टर त्यामानाने लहान असतात. तुमच्या सर्किटमध्ये मात्र रेझिस्टरच १ मेगचे आहेत. तुम्ही मधल्या जागी मीटरची पिन टेकवता तेव्हा खालच्या १ मेगला आणखी एक १ मेग समांतर जोडता. ४.४ चे २.९ होणारच. ३ नंबरच्या पायापर्यंत जायला वाटेत आणखी एक १ मेग आहे, म्हणून तिथे ते १.७-१.८ पर्यंत घसरतं. कागदावर मांडून बघा, तुमचे दोन्ही आकडे बरोबर निघतील. मीटर काढला की तिथे ४.४ च्या आसपासच असतात. ३ नंबरवर पिन टेकवून ठेवा आणि दुसऱ्या मीटरने ६ नंबर बघा, तोही खाली आलेला दिसेल.

म्हणून या सर्किटमध्ये बायस नेहमी ६ नंबरवर बघायचा. २ नंबरच्या पायापासून ग्राउंडकडे जाणाऱ्या वाटेत ४७ नॅनोचा कपॅसिटर आहे, तो डीसी अडवतो. त्यामुळे डीसीपुरता आयसी काहीच वाढवत नाही, ३ नंबरवर जे असेल तेच ६ नंबरवर येतं. तुम्हाला ६ नंबरवर ४.३ मिळाले, म्हणजे बायस उत्तम आहे. तुम्ही बदललेले दोन्ही रेझिस्टर पहिल्यापासून निर्दोष होते. तांब्याची टिकली उचकटली याचं मला खरंच वाईट वाटतं. ही चूक माझ्यासमोर कित्येक मुलांनी केली आहे आणि दर वेळी चांगलं काम उखडलं गेलं आहे.

आता आवाजाचं बोलू. मी सदतीस वर्षं गणेशोत्सवातले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. सिग्नल कुठे बिघडतो हे मीटरपेक्षा कानाने लवकर सापडतं. त्यासाठी एक प्रोब करा. गिटारची जुनी केबल घ्या, एक टोक अ‍ॅम्पला राहू द्या. दुसऱ्या टोकाचा जॅक कापा, आतल्या वायरला एक १०४ चा कपॅसिटर सोल्डर करा आणि बाहेरच्या जाळीला मगरचिमटा लावून तो सर्किटच्या ग्राउंडला जोडा. कपॅसिटरचा मोकळा पाय म्हणजे तुमचा स्टेथोस्कोप. कपॅसिटर हवाच, नाहीतर सर्किटमधला डीसी अ‍ॅम्पमध्ये शिरेल. अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवा, आयसीनंतर सिग्नल एकदम मोठा होतो.

इनपुटला गिटारऐवजी मोबाइल जोडा, त्यावर तंबोऱ्याचं अ‍ॅप हळू आवाजात लावा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि तंबोरा तुमच्या कानाला रोजचा, जरासा बदल झाला तरी तुम्हाला कळेल. मग आवाजाच्या मागे मागे जा: इनपुट जॅक, १० नॅनोच्या पुढे, ३ नंबर, ६ नंबर, १ मायक्रोच्या पुढे, मग १० के च्या (किलोओहमच्या) पुढे जिथे दोन्ही डायोड आहेत, शेवटी व्हॉल्यूम पॉटचा मधला पाय. जिथे धार हरवते तिथे थांबा. त्या जागेपासून मागच्या जागेपर्यंत जे दोन-तीन भाग असतील त्यातच दोष आहे.

माझा अंदाज सांगतो, पण त्यावर विसंबून प्रोब टाळू नका. डायोडांना समांतर एक १ नॅनोचा कपॅसिटर आहे. त्यावर १०२ छापलेलं असायला हवं. पहिले दोन अंक तसेच घ्यायचे, तिसरा अंक म्हणजे पुढची शून्यं, उत्तर पिकोफॅरडमध्ये: १०२ म्हणजे १०००, म्हणजे १ नॅनो. १०३ म्हणजे १० नॅनो. १०४ म्हणजे १०० नॅनो. ४७३ म्हणजे ४७ नॅनो. त्या बारीक बिस्किटी चकतीवर २ आणि ४ ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, आणि दुकानात पुड्या बांधताना अदलाबदल होते.

ती अदलाबदल झाली तर काय होतं? १० के आणि १ नॅनो मिळून साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचं कापतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. १० के आणि १०० नॅनो १६० हर्ट्झपासूनच कापायला लागतात. तुमची खालची सुटी तार ८२ हर्ट्झची, वरची ३३० ची. म्हणजे वरच्या तारांचा मूळ सूरसुद्धा मार खातोय. मग त्यावरचे उपस्वर (मूळ सुराच्या पटीतले वरचे बारीक सूर) कुठून ऐकू येणार? आणि डिस्टॉर्शन म्हणजे दुसरं काय असतं? डायोड लाटेचा माथा कापतात आणि त्या कापण्यातून नवे उपस्वर जन्माला येतात. ते जन्मल्याबरोबर हा कपॅसिटर ग्राउंडला ओतून टाकतो. तुमच्या चाचांनी "जवारी बंद" म्हटलं ते वाचून मी हातातला चहा बाजूला ठेवला. इतकं नेमकं निदान माझ्या दुकानात शिकलेल्या पोरांनाही जमलं नसतं.

पाचवा_फ्रेट यांनी टीएल०७१ सुचवलाय, त्यावर थोडं. त्यांना फरक ऐकू आला तो खरा आहे. ७४१ मध्ये गेन (सिग्नल किती पट वाढतो) आणि बँडविड्थ (किती हर्ट्झपर्यंत धावतो) यांचा गुणाकार साधारण १ मेगाहर्ट्झ. या सर्किटचा पूर्ण गेन साधारण २१४ पट (१ मेग भागिले ४.७ के, अधिक एक). तेव्हा पूर्ण गेनला ७४१ ची धाव साडेचार-पावणेपाच हजार हर्ट्झपर्यंतच पोहोचते. टीएल०७१ तिप्पट धावतो, म्हणून चमकदार वाटतो. पण ७४१ ची ती मर्यादा या पेडलच्या स्वभावाचा भाग आहे, टोकाची किरकिर तो आपोआप खातो. दोन्ही आयसी ठेवा आणि पुढे सावकाश बदलून ऐका. आज बदललात तर दोष तसाच राहील आणि तुम्ही टीएल०७१ ला बोल लावाल.

तिसरी_बॅच, चिंचवड

वरचं उत्तर मी आमच्या आयटीआयच्या मुलांना दाखवणार आहे, विशेषतः मीटरचा भाग. मी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते, आणि मीटर स्वतः सर्किटचा भाग होतो हे फळ्यावर सांगून कुणाला पटत नाही.

गुणगुण आणि कन्नड निवेदन या दोन्हींचं मूळ तो प्लास्टिकचा डबा आहे. आतली प्रत्येक सुटी वायर अँटेना होते. त्यानंतर दोनशे पटींचा गेन आहे, आणि आयसीच्या आतलं कुठलंही जंक्शन एएम रेडिओचं डिटेक्टर होऊ शकतं. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री लांबवर पोहोचतात, म्हणून दिवसा शांत आणि नऊनंतर बातम्या. इनपुटचा गाळलेला १ नॅनो नेमका याच रेडिओला ग्राउंडकडे वळवण्यासाठी असतो. जागा नसेल तर तो पीसीबीवर नको, थेट इनपुट जॅकच्या दोन पायांमध्ये लावा. खरं तर तिथेच तो जास्त उपयोगी.

डबा धातूचा घ्या आणि तो ग्राउंडला जोडा. तयार अ‍ॅल्युमिनियमचे मिळतात, ११२ बाय ६० मिलिमीटरचे, पण भांड्यांच्या दुकानातला हिंडालियमचा चपटा डबाही चालतो. एकच काळजी: रंग दिलेला किंवा अ‍ॅनोडाइझ केलेला डबा वरून धातू दिसला तरी वरचा थर वीज जाऊ देत नाही. जॅक बसतो तिथली आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, मग जॅकची बाही (ग्राउंडचा भाग) ते डबा असा मीटरवर बीप घेऊन बघा. झाकणही बीप द्यायला हवं. पॉट आणि फूटस्विच कसले की आपोआप जोडले जातील असं समजून सोडू नका. पत्रा पातळ असेल तर फूटस्विचखाली आतून लाकडाची फळी द्या, रोज पाय पडून पत्रा बसतो.

तुमच्या राउटरच्या अडॅप्टरबद्दल मला काळजी वाटते. बहुतेक राउटर अडॅप्टरच्या पिनमध्ये आत प्लस असतो. गिटार पेडलच्या दुनियेत उलटं, आत मायनस. तुम्ही सॉकेट राउटरप्रमाणे जोडलं असणार, म्हणून चाललं. उद्या बँडमधल्या कुणी त्याची पेडलवाली पॉवर त्यात खुपसली की ७४१ क्षणात जाईल. सॉकेट आत मायनस असंच जोडा, तुमच्या अडॅप्टरच्या पिनच्या वायरीही त्याप्रमाणे उलटवा, आणि प्लस-मायनसमध्ये एक १एन४००७ उलटा लावून टाका, पट्टी प्लसकडे. शिट्टी त्या अडॅप्टरच्या स्विचिंगची आहे. प्लसच्या वाटेत १०० ओहम आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावलात तर पुष्कळ कमी होईल. हे पेडल एलईडी धरून जेमतेम तीन-चार मिलिअ‍ॅम्पिअर खातं, १०० ओहमवर काही पडत नाही. शिट्टी तरीही राहिली तर बॅटरीच वापरा. बॅटरीचा मायनस स्टिरिओ इनपुट जॅकच्या मधल्या पायाला जोडलात की केबल काढल्यावर पेडल आपोआप बंद होतं.

आणि घरच्या वायरिंगचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते त्याचं कारण डबा आहे, पण अ‍ॅम्पला तीन पिनांचं खरं अर्थिंग मिळतंय ना, हे माहीत असायलाच हवं. तुमची बोटं त्या तारांवर असतात.

तंतू_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी कारखाना सुटल्यावर बसलो ते रात्री साडेअकराला उठलो. क्रमाने सांगतो.

आधी कागदावर मीटरचा हिशेब केला. २.९३ आणि १.७६ आले. माझ्या वहीत २.९ आणि १.७ लिहिलेले होते. ते दोन आकडे शेजारी शेजारी बघून छातीवरचं ओझंच उतरलं. आठ दिवस ज्याला दोष म्हणत होतो तो माझ्या मीटरचाच रेझिस्टन्स होता.

मग प्रोब. मोबाइलवर तंबोरा लावला, पंचम-षड्ज, पांढरी चारचा. इनपुटला स्वच्छ. १० नॅनोच्या पुढे स्वच्छ. ६ नंबरवर टेकवलं तर अ‍ॅम्प गरजला, पटकन आवाज उतरवला, पण काय धार होती! तार तुटायच्या आधी बोलते तशी. १ मायक्रोच्या पुढेही तीच. १० के च्या पुढे गेलो आणि गोधडी पडली. एका रेझिस्टरच्या अल्याड उजेड, पल्याड अंधार. तीनदा मागेपुढे करून ऐकलं, कारण विश्वास बसेना.

चकती काढली. ट्यूबलाइटखाली मला तेव्हाही १०२ च वाटत होतं. जवारीच्या धाग्याची जागा बघायला कारखान्यात भिंग असतं, ते आणलेलं होतं. त्याखाली धरलं: १०४. चारचा उभा पाय अर्धा पुसलेला. पुडीतले उरलेले चारही १०४ च निघाले. पुडीवर पेनने १०२ लिहिलं होतं आणि मी पुडीवर विश्वास ठेवला. 

खरे १०२ मिरजेतच एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने काढून दिले, पैसे घेतले नाहीत. एक डायोडांवर लावला, एक इनपुट जॅकवर. हिंडालियमचा डबा बाजारातून आणला, आत घासला, फूटस्विचखाली तंबोऱ्याच्या तबलीतून उरलेली लाकडाची चकती दिली. झाकण बीप देत नव्हतं, त्याला वेगळी वायर काढली. अडॅप्टरचं सॉकेट उलटं केलं, त्याच्या पिनच्या वायरीही उलटवल्या, १एन४००७ आणि १०० ओहम-१०० मायक्रो लावले. शिट्टी अगदी बारीक उरली आहे, बॅटरीवर तीही नाही. कन्नड निवेदन बंद. अर्थिंग बघायला रविवारी इलेक्ट्रिशियन येऊन गेला. अ‍ॅम्प लावतो त्या प्लगला अर्थची वायर आलीच नव्हती. आता आली.

आणि आवाज. खालची तार सुटी छेडून धरून ठेवली, डिस्टॉर्शन तीन चतुर्थांश. आधी नुसती भिंत उभी राहते, मग तार विरत जाते तसे आतून एकेक सूर वर येतात. सोमवारी चाचांना ऐकवलं. या वेळी कानस खाली ठेवली. दोनदा परत वाजवायला लावलं, आणि तिसऱ्यांदा तार विरत असताना बोट वर करून म्हणाले, "ह्यो बघ. गंधार बोलाय लागला."

मलाही ऐकू आला. मी फक्त सा छेडला होता.

जुना_ट्रान्झिस्टर, हा खरंच स्वयंभू गंधार आहे, की आम्हा दोघांचे कान तंबोऱ्यातच अडकलेत?

जुना_ट्रान्झिस्टर, गिरगाव

खरा आहे. दोन डायोड एक सुलटा, एक उलटा असे लावले की लाट वरून आणि खालून सारखी कापली जाते. अशा कापण्यातून फक्त विषम उपस्वर निघतात: तिसरा, पाचवा, सातवा. षड्जाचा तिसरा उपस्वर वरचा पंचम आणि पाचवा गंधार. तुमच्या खालच्या तारेत पाचवा उपस्वर ८२ पाचा ४१० हर्ट्झच्या आसपास येतो, कानाला अगदी सोयीची जागा. तंबोऱ्यात जवारी जे काम घोडीवर करते, ते इथे दोन डायोड करतात. वाट वेगळी आहे, पण गंधार तोच. सदतीस वर्षं मी डिस्टॉर्शन काढून टाकायचे पैसे घेतले, त्यात गंधार कधी शोधला नव्हता. रात्री जुना सिग्नल जनरेटर काढून स्वतः ऐकून बघितला.

आता डायोडांचे पाय पीसीबीवर पक्के ठेवू नका. जुन्या आयसी बेसचे दोन तुकडे कापून तिथे लावा, म्हणजे डायोड न सोल्डरता बदलता येतील. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला सलग दोन १एन४१४८ लावून बघा. मग लाट वरून कमी आणि खालून जास्त उरते, सम उपस्वरही शिरतात, म्हणजे दुसरा, तार षड्ज. आवाज जरा मोठाही होतो. लाल एलईडीची जोडी लावलीत तर आणखी मोठा आणि मोकळा होतो, कारण ते १.७-१.८ व्होल्टला कापतात, १एन४१४८ ०.६ च्या आसपास. जर्मेनियम मिळाले तर मीटरच्या डायोड खुणेवर आधी तपासा: ०.२५ ते ०.३५ दाखवले तर जर्मेनियम असण्याची शक्यता, ०.६ दाखवले तर तुम्हाला काचेचा साधा सिलिकॉन विकलाय.

प्रत्येक जोडी चाचांना न सांगता वाजवून दाखवा आणि कुठल्या जोडीला गंधार सगळ्यात आधी बोलला ते इथे लिहा. माझ्या टेबलावर पीसीबी कापून ठेवलाय, मी तुमच्यासाठी थांबलोय.